लाडवातून निसटलेला डिंक

मी डिंक बोलतोय. नाक मुरडू नका. पोस्टात बाटलीच्या कडेला माश्या घेऊन बसलेला पाणचट डिंक तुम्ही पाहिला असेल. तो आमच्या घराण्यातला नव्हे. मी अस्सल बाभळीचा.

पेठ रस्त्याच्या एका बांधावर माझा जन्म झाला. रानातला डिंक गोळा करून विकणाऱ्या भागीबाईने खोडावर कोयत्याने चरा पाडला आणि मी थेंबाथेंबाने बाहेर आलो, मधाच्या रंगाचा. पकड जन्मापासूनच जबर. एक मुंगळा माझ्यावरून पलीकडे निघाला होता, तो अजून निघालेलाच आहे. एकदा रानडुक्कर खोडाला पाठ घासायला आलं आणि जाताना अख्खी बाभूळ ओढून न्यायला लागलं. भागीबाईला विचारा. ती नाही म्हणेल, पण तिचा तेव्हा डोळा लागला होता.

वाळून खडा झाल्यावर तिने मला फडक्यात बांधून नाशकाच्या बाजारात आणलं. सत्तरीचं दशक सरत आलं होतं, वैशाखाचं ऊन भाजत होतं. तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेल्या यशोदाबाईने मला उजेडाकडे धरून पाहिलं.

"लाडवाला चालंल ना गं?"

"लाडू कर नायतर कागद चिकटव," भागीबाई म्हणाली. "हा धरायचं काम लय इमानानं करतो."

यशोदाबाईची सून लता नुकतीच बाळंत झाली होती. म्हटलं, चला, तुपात फुलायचं, गुळात मुरायचं आणि बाळंतिणीच्या हाडात जाऊन बसायचं. याहून मानाचा शेवट कुठल्या डिंकाला मिळतो?

पण त्या घरात निराळाच कारखाना चालू होता. यशोदाबाई दर बुद्धपौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून लेण्यांचा डोंगर चढायची. एक वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. "खालूनच हात जोडीन," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिचा मुलगा रंगनाथ, सातपूरला कंपनीत फिटर. त्याला ते बघवलं नाही.

"आई, तू चढू नको. लेणं मी घरी आणतो."

जाड कागदाचं लेणं! दार, त्यावर पिंपळपानाची कमान, आत स्तूप. कापाकापी अशी झकास की डोंगरानेही वाकून बघावं. घोडं अडलं चिकटवण्यापाशी.

पहिल्यांदा त्याने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. आकाशकंदिलाला चालते, मग लेण्याला का नाही? पण खळीत पाणी फार. कमान भिजलेल्या पापडासारखी वाकडी झाली आणि स्तूपाचा घुमट रात्रीतून झुरळांनी जेवून टाकला. मग सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. सुरकुती एक नाही, काम सुरेख! पण दुपारी छपराचे पत्रे तापले, तशा भिंती एकमेकींचा हात सोडून हळूच खाली बसल्या.

आता फिटरचं डोकं फिरलं. कंपनीतून त्याने दोन नळ्यांचं औषध आणलं. "हे लोखंडाला लोखंड धरतं. कागदाची काय टाप!"

कागदाची टाप नव्हतीच. कमान पाटाला चिकटली, ती सोडवताना रंगनाथच्या अंगठ्याला आली. तशीच अंगठ्यावर घेऊन तो पाळीला गेला. दारातून शेजारचा झुंबर ओरडला, "काय फिटर, लेणं घेऊनच ड्युटीला चाललास? साहेबाला दर्शन देणार काय?"

पौर्णिमा उद्यावर आली. जाड कागदाचा शेवटचा ताव उरला. त्यातून रंगनाथने सगळे भाग पुन्हा कापले आणि डोक्याला हात लावून बसला. हे बिघडलं की यशोदाबाईची पौर्णिमा गेली.

तेवढ्यात यशोदाबाईने तळायला म्हणून माझा डबा उघडला. खाटेवरून लता म्हणाली, "अहो, कागदाला एवढी ताकद कशाला? डिंक आहे की घरात."

"तो बाळंतिणीचा आहे," यशोदाबाई कडाडली. "त्याला हात लावायचा नाही."

"आत्याबाई, माझे दोन लाडू कमी करा."

 यशोदाबाईने डब्यातला सगळ्यात मोठा खडा उचलला. म्हणजे मी. निवडायला नजर लागते!

मला ठेचलं, कोमट पाण्यात विरघळवलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं. रंगनाथने आधी दोन कपटे जोडून पाहिले. वाळल्यावर वाकवले, तर तट्! मी तडकलो. आयुष्यात एवढा कधी लाजलो नाही. तेव्हाही फार नाही.

"नुसता डिंक काचेसारखा होतो," यशोदाबाई म्हणाली. तिने माझ्यात गुळाचा एक खडा विरघळवला, आणि मुंग्यांनी वास काढू नये म्हणून लवंगेचं पाणी घातलं. दुसरे कपटे जोडले. वाकवले, तर मीही त्यांच्याबरोबर वाकलो. लाडवात जायचं राहिलं होतं, तर लाडूच माझ्यात आला.

रंगनाथ बोटाने फासायला लागला.

"गिलावा करतोस का भिंतीला?" यशोदाबाईने टोकलं. " आगकाडीनं लाव. चमकेल एवढाच, ओघळेल एवढा नाही."

मग एकेका दुमडीवर मला पातळ ओढलं, जरा दम धरला, मग दाबलं. कमान ताठ उभी राहिली. घुमट बसला. दाराचा उंबरठा तेवढा सकाळी, अगदी शेवटी लागला.

टॉर्चचा बारका दिवा स्तूपामागे लावला. पांढरं लुगडं नेसून यशोदाबाई समोर बसली. झुंबरही आला, चारी बाजूंनी वाकून पाहिलं आणि हिरमुसून म्हणाला, "पडत कसं नाही रे हे?"

यशोदाबाईने हात जोडले, डोळे मिटले, आणि डोंगरावर करायची तसं बोट उंबरठ्याला लावलं. उंबरठा अजून ओला होता. मी संधी सोडतो होय!

"रंगा," ती तशीच बसून म्हणाली, "धरलं रे मला."

"थांब, पाणी लावून सोडवतो."

"राहू दे जरा."

याला आता दहा वर्षं होत आली. माझी भावंडं ज्या लाडवांत गेली, ते लाडू खाऊन उठलेली लता मला दर रविवारी पुसते. बाळंतपणातलं ते पोर शाळेत जातं आणि कपाटावरचं लेणं मित्रांना दाखवतं. यशोदाबाई मात्र आता नाही. एका बाजूची भिंत थोडी पिवळी पडली आहे, पण माझा एकही सांधा सुटलेला नाही. रानडुकरालाही सुटायचा नाही, येऊन बघावं.

तुम्हाला एकच सांगणं. कागद जोडायचा तर त्याच्यावर जोर करू नका, त्याच्याबरोबर वाकेल असं काहीतरी लावा. आणि उद्या हे लेणं दुरुस्तीला काढलंत, तर भिंतींना खुशाल हवं ते चिकटवा. उंबरठ्याला हात लावू नका. तिथे एक बोट उमटलं आहे. ते मी अजून धरून ठेवलंय.