मेलेल्या पानाचा श्वास

बाळंतपणाची रजा संपवून ती प्रयोगशाळेत परतली, त्या दिवशी तुफाननं तिला दारातच गाठलं. "या आईसाहेब. झोप झाली का पुरी?"

तुफान हे नाव त्याला सगळ्यांनी मिळून दिलेलं. जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचा, चहा उभ्यानं प्यायचा आणि दिवसाला शंभर पानं मोजायचा. ती चाळीस मोजायची. काम दोघांचं एकच. जिवंत पान यंत्राच्या चिमट्यात धरायचं, त्यावरून मापून हवा सोडायची, आणि अंधारात पान किती कार्बन डायऑक्साइड सोडतं ते पडद्यावर वाचायचं. पानाचा श्वासच म्हणा ना.

ती हसली आणि आपल्या टेबलाकडे गेली. टेबलावर त्याचे कागद होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला आत बोलावलं.

"तुझे दोन वर्षांचे आकडे त्याच्याशी जुळत नाहीत गं. तुझ्या रजेत त्यानं तीच झाडं मोजली, पण त्याची पानं दुप्पट श्वास सोडतात. तू पोटुशी होतीस, दमत होतीस, कळतं मला. अहवालात त्याचेच आकडे घेऊ. तू सध्या बियांच्या पाकिटांना चिठ्ठ्या लाव."

अहवालाचा कच्चा खर्डा मॅडमच्या टेबलावरच पडला होता. त्यात तुफानच्या हातचं एक वाक्य होतं: 'आधीची मोजणी निष्काळजीपणामुळे ग्राह्य धरलेली नाही.' तिनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि तिला ते कायमचं पाठ झालं. आठव्या महिन्यात ती स्टुलावर तिरकी बसायची, पोटाचा धक्का यंत्राला लागू नये म्हणून. आपला श्वास पानाजवळ जाऊ नये म्हणून तोंड फिरवून आकडे लिहायची. मान अवघडायची, पण तोंड फिरवलेलंच. आता वर्षअखेरीला संस्थेचे थोरले सर तपासणीला येणार, त्या वाक्याखाली सही करणार. मग तिच्या हाती यंत्र कोण देणार, आणि तिची नेमणूक तरी कशाला वाढवणार?

दुपारी दूध काढायला ती भांडारघरात जायची. भांडार सांभाळणाऱ्या मामांनी तिथे जुनी चादर बांधून आडोसा केला होता, एक खुर्ची ठेवली होती. मामा प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधीपासून होते. कुठली वस्तू कुठे आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक. समोरच्या फळीवर यंत्राची पेटी असायची. चौथ्या दिवशी बाटली भरून तिनं झाकण लावलं, हात पुसले आणि सहज पेटी उघडली.

चिमट्याचा स्क्रू करकचून आवळलेला होता.

चिमट्याच्या कडेला फोमची मऊ पट्टी असते, पानाभोवती हवा अडवणारी. काम झालं की स्क्रू सैल सोडून ठेवायचा, नाहीतर ती पट्टी दबून बसते आणि पुन्हा फुगत नाही. ती न चुकता सैल सोडायची. तिच्या रजेत यंत्र तुफानच्या हाती आलं, आणि त्याला एवढा वेळ कुठला? पट्टी उशीवर वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं ठेवावं तशी चपटी झाली होती. तिनं आपल्या जुन्या वहीत दाबून ठेवलेलं पान काढलं, तपकिरी, कधीचं मेलेलं. ते चिमट्यात धरून यंत्र लावलं. आकडा शून्य यायला हवा होता. पान श्वास सोडत होतं. तिनं वाकून पट्टीजवळ हलकेच फुंकर मारली आणि आकडा टुणकन वर गेला.

म्हणजे मोजला जात होता तो खोलीचा श्वास. बंद खिडक्या, चार माणसं, त्यांच्या उच्छ्वासाची हवा त्या फटीतून आत शिरत होती, आणि तुफान ती पानाच्या नावावर लिहीत होता.

"मामा, नवी पट्टी आहे?"

मामांनी खणातून पाकीट काढून दिलं. "लगेच बसवता?"

"नाही." तिनं पाकीट पर्समध्ये टाकलं, आणि स्क्रू होता तसा करकचून आवळला.

मामा तिच्याकडे बघत राहिले. "ताई, एक शब्द सांगून टाका त्याला."

"सांगेन की. सगळ्यांसमोर सांगेन."

तीन महिने ती चिठ्ठ्या लावत राहिली. तुफान विचारायचा, "आईसाहेब, डिंक पुरतोय ना?" ती गोड हसून म्हणायची, "पुरतोय. तुमची पानं कशी आहेत?" पानं जोरात होती. संध्याकाळी लेक तिच्या खांद्यावर निजायची, मानेवर तिचा ऊन ऊन श्वास यायचा. ती मोजायची, उगाच. "तुझ्या आईला निष्काळजी म्हणतात, शहाणे," ती त्या इवल्या कानात सांगायची. "थांब थोडी."

तपासणीच्या दिवशी खोलीत वीसेक माणसं दाटली होती. तुफाननं आकड्यांचे आलेख दाखवले, थोरले सर मान डोलावत ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

"सर, एक पान लावून बघू या?" तिनं वही उघडली.

"हे वाळलेलं आहे," तुफान म्हणाला.

"हो ना. मग शून्यच यायला हवं."

"अर्थात."

"तुम्हीच लावा. माझा हात निष्काळजी आहे."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. तुफाननं पान घेतलं, नेहमीच्या घाईनं चिमटा आवळला. सगळे वाकून पडद्याकडे पाहू लागले, आणि जेवढे वाकले तेवढा आकडा चढला.

"अरे, हे तर तुझ्या जिवंत पानांपेक्षा ठणठणीत आहे," थोरले सर म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं. तुफानच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं ते डोळे भरून पाहिलं.

मग तिनं खिडक्या उघडायला लावल्या, मागच्या माणसांना व्हरांड्यात काढलं. आकडा हळूहळू उतरला. तिनं चपटी पट्टी दाखवली, स्क्रूचं सांगितलं आणि पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

थोरल्या सरांनी पाकीट उलटंपालटं केलं. कोपरे मळले होते. "हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "तीन महिने."

"म्हणजे तीन महिने त्याला चुकू दिलंस."

"दिलं, सर."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग त्यांनी पेन काढून अहवालातलं ते वाक्य खोडलं, दोनदा. "हिचे दोन वर्षांचे आकडे परत घ्या," ते मॅडमना म्हणाले. "आणि हे वाया गेलेले तीन महिने ही दोघं भरून काढतील. एका यंत्रावर, शेजारी शेजारी बसून."

तिला ते झोंबलं. पण तेवढी किंमत परवडण्यासारखी होती.

माणसं पांगल्यावर तिनं जुनी पट्टी सोलून काढली, नवी बसवली, आणि स्क्रू सैल सोडून यंत्र पेटीत ठेवलं. तुफान भिंतीला टेकून उभा होता. "एवढं मनात धरून बसलात?" तो म्हणाला.

तिनं घड्याळ पाहिलं. दुधाची वेळ टळत आली होती, पोलकं ओलसर झालं होतं.

"उद्या दहाला बसू," ती म्हणाली. "झोप पुरी करून या."