गच्चीसाठी भिजवलेला गूळ

आमच्या ह्यांना घरावर कौलं नको होती. कौलं काढून चोर आत उतरतो, हे कारण. गच्ची फोडायची तर चोराला पहार आणावी लागेल, आणि पहारीचा आवाज आपल्याला झोपेतही ऐकू येईल, असा ह्यांचा हिशेब. सगळं चिंचवड कौलांखाली सुखाने घोरत होतं, पण आमच्या घराला मात्र गच्चीच हवी होती.

हे मूळचे भूमकडचे, म्हणजे तेव्हा लोक म्हणायचे तसे मोगलाईतले, निजामाच्या मुलखातले. तिकडे घराघरावर मातीचं सपाट माळवद. पिंपरीला औषधांचा नवा सरकारी कारखाना निघाला, तिथे हे स्टोअरमध्ये लागले. आलेला माल तपासून घ्यायचा, गेलेला तपासून द्यायचा आणि दोन्ही वेळा समोरच्याकडे चोर असल्यासारखं बघायचं. मुळात संशयी माणूस, त्यात असली नोकरी! मर्कटाला मद्य पाजल्यासारखंच झालं.

घर होईपर्यंत आम्ही, सासूबाईंसकट, चिंचवडच्या जागेवरच खोप घालून राहत होतो. तिथे सामान यायला लागलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. वीट आली की दोन विटा एकमेकींवर वाजवून हे कान देऊन ऐकत. वाळू आली की आपलं धुतलेलं धोतर पसरून त्यावर मूठभर चोळत आणि माती निघते का बघत. ते धोतर मग मी धूत होते. सागाच्या तुळया तर ह्यांनी हुंगल्या. गाडीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, मालकांना बरं वाटत न्हाई का?"

ठेकेदारांची तीच गत. पुण्याहून रंगराव म्हणून एकजण आला. सिमेंटचा स्लॅब टाकून देतो म्हणाला, चहा त्यानेच पाजला. हे घरी येऊन म्हणाले, "फुकट चहा पाजतो, म्हणजे सिमेंट पळवणार." आळंदीचा मालोजी गवंडी गळ्यात तुळशीची माळ घालून आला. हे म्हणाले, "एवढी ठसठशीत माळ कशाला लागते माणसाला?" तिसरा बिचारा काहीच बोलला नाही. न बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे कोणास ठाऊक, म्हणून तोही गेला.

शेवटी ह्यांनी माझ्या भावाला बोलावलं. दादू कुरुळीला शेती सांभाळून गवंडीकाम करायचा. चुन्याची गच्ची त्याने चाकणला दोन ठिकाणी केली होती आणि दोन्ही गळत नव्हत्या. पण त्याला काम मिळालं ते त्यामुळे नाही. हे मला म्हणाले, "चोर घरचा असला की पकडायला सोपा."

मी हसले खरी, पण तेवढ्यापुरतीच. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे एकटा दादू. दिवाळीला न्यायला येणारा तोच, आणि सणाला साडी धाडणाराही तोच. आता ह्यांची नजर रोज त्याच्यावर राहणार. एखादी वीट इकडची तिकडे झाली, तर माझं माहेर ह्या घराच्या पायात गाडलं जाणार, ह्या विचाराने मला घास गोड लागेना.

दादू काही साधूसंत नव्हता. तोंडाने फटकळ, कामाला जरा निवांत, आणि दुपारी आंब्याखाली ताणून द्यायची सवय. पण चुन्याच्या कामात चोख. भिंती झाल्या, तुळया चढल्या, त्यावर फरशी बसली. आता चुना आणि विटांचे तुकडे मिसळून वर कोबा घालायचा आणि कुशाबाईच्या टोळीतल्या बायांनी तो थाप्यांनी ठोकत बसायचं. ठोकताना त्यावर गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडत राहावं लागतं, तेव्हा चुना घट्ट बसतो आणि पाणी पीत नाही. आमच्या कुरुळीकडे लहान पोरालाही हे माहीत असतं.

"दाजी, गूळ आणून ठिवा," दादू म्हणाला. "पर भिजवायचा त्यो कामाच्या आदल्या दिवशी. आदुगर न्हाई."

ह्यांनी गुळाच्या ढेपा आणल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे नको ते नाचायला लागलं. कुशाबाईच्या बाया गूळ खाणार. त्यांची पोरं खाणार. उरलेला गूळ दादू धोतराच्या सोग्यात बांधून कुरुळीला नेणार. हे दिवसभर कारखान्यात, मग राखण कोण करणार? माझ्यावर भरवसा नव्हताच, मी तर चोराची बहीण.

मग ह्यांना युक्ती सुचली. ढेप चोरता येते, पाणी कोण चोरणार? कुणाला न विचारता ह्यांनी सगळा गूळ फोडला, भलं मोठं पिंप आणून त्यात बेलफळांच्या गरासकट विरघळवून टाकला आणि पिंप मागच्या भिंतीआड नेऊन गोणपाटाने झाकलं. वर फळी, फळीवर दगड. चुना अजून बैलाच्या घाणीत मळला जात होता, कोब्याला अवकाश होता, आणि ऊन तर वैशाखाचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोज कारखान्यातून आले की हे आधी पिंपाकडे जायचे. कुणी पाणी घालून पातळ केलं का बघायला बोट बुडवून चाखायचे, तोंड पुसत परत यायचे. मला विचारायची सोय नव्हती. पिंपाजवळ आंबूस वास सुटला होता, गोणपाटाखाली बारीक फसफस चालली होती. दादूला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "आक्का, दाजींनी गच्चीला दारू पाजायची ठरवलीया का?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे मात्र म्हणाले, "वास येऊ दे. वास चोरून नेत नाही कुणी."

कोबा घालायचा त्या सकाळी बाया आल्या, थाप्या आल्या, हे रजा काढून पहाऱ्याला थांबले. आणि त्यांच्या पाठोपाठ पोलीस जमादार आला, बरोबर एक शिपाई. सरळ भिंतीआड गेले. शिपायाने दगड काढला, फळी काढली, गोणपाट उचललं. पिवळट फेस काठापर्यंत आला होता. त्या वासाने कुशाबाईने पदर नाकाला लावला.

"काय आहे हे?" जमादाराने विचारलं.

"गूळ आहे, साहेब. गच्चीचा."

"गच्ची गूळ खाते?" जमादार कोकणातला होता, त्याने जन्मभर कौलंच बघितलेली. "दारूबंदी आहे माहीत आहे ना? नोकरी कुठे करता?"

ह्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. सरकारी नोकरी, त्यात दारूचा खटला. घर बाजूलाच राहिलं, खायचे वांधे झाले असते. वाटलं, आता तरी हे नीट चार शब्द बोलतील. पण हे वळले ते दादूवर.

"तूच वर्दी दिलीस ना रे? गूळ हाताला लागला नाही म्हणून पोटात दुखलं तुझ्या! चोर तो चोर, वर शिरजोर!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकून ठेव. आजपासून तुझं माहेर संपलं. हा माणूस ह्या उंबऱ्याच्या आत आला, तर तू बाहेर."

उंबरा अजून बसायचाच होता. मला राग आला, इतका की हातातला तांब्या फेकून मारावासा वाटला. दादूने थापी खाली ठेवली आणि डोक्याचं मुंडासं काढून खांद्यावर टाकलं.

जमादाराने त्याला हटकलं. "तू गवंडी ना? थांब. हा म्हणतो ते खरं का? छताला गूळ लावतात?"

दादू माझ्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला असता तर हे सुटले असते, एक शब्द गिळला असता तर अडकले असते. मला कुणाकडे बघावं कळेना.

"मला कशाला इचारता, सायेब?" दादू म्हणाला. "मी ह्या घरचा कुनी न्हाई. आत्ताच सांगितलं की त्यांनी, तुमच्यापुढंच. चोराची साक्ष कोन धरतंय?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. जन्मात ह्यांनी कुणाची हमी दिली नव्हती, माझी सुद्धा नाही.

"हा माझा मेहुणा आहे," हे म्हणाले. "हिचा, इंदूचा धाकटा भाऊ. त्याला विचारा. तो खोटं बोलणार नाही."

"ह्या घरात येनार का जानार?" दादूने विचारलं.

"येणार."

"आन् दिवाळीला आक्का?"

"येईल. दर दिवाळीला येईल. आता बोल बाबा!"

मग दादू बोलला. चुन्यात गूळ का घालतात, बेलफळ का, सगळं सांगितलं. कुशाबाईने आणि बायांनी माना डोलावल्या. जमादाराला पुरतं पटलं असं नाही, पण आठ बाया एकाच गोष्टीची साक्ष देतात म्हटल्यावर त्याने पिंप आडवं केलं, सगळं पाणी मातीत जाऊ दिलं आणि पंचनाम्याचा कागद केला नाही. माझा जीव भांड्यात पडला. जाताना तो खोपीच्या दारात बसलेल्या आमच्या सासूबाईंपाशी थांबला.

"आजी, पुढच्या वेळी चौकीवर यायच्या आधी घरात विचारत जा."

तो गेला. हे सासूबाईंकडे वळले.

"आई? तू वर्दी दिलीस?"

"दिली की," सासूबाई म्हणाल्या. देवळात जाते म्हणून गेल्या होत्या, ते चौकीवर. "रोज सांजच्याला भिताडाआड जायलास, तोंड पुसत यायलास. आंबलेला वास यायलाय. मी काय समजू?"

"मला विचारायचंस! माझ्यावर संशय घेतलास? पोटच्या पोरावर?"

सासूबाईंचा आवाज चढला नाही. "तुझ्या बापावर घेतला न्हवता. शिंदी पिऊन येत व्हता, आन् मला म्हणायचा, पाहुण्याकडं जेवायला गेलतो. म्या खरं मानलं. माळवदासकट घर गेलं, तवा कळालं."

सासरे पटकीने गेले, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं; दारूचं नाव कुणी काढलं नव्हतं. ह्यांची मान खाली गेली, तेव्हा मला कळलं की ह्यांनाही तेवढंच माहीत होतं.

"तवाच तुला शिकवलं," सासूबाई म्हणाल्या, "कुणावर इस्वास ठिवू नको म्हणून. मग तुला एकट्याला कसं सोडू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या दोघांची कीव आली, आणि त्यांच्यात नांदणाऱ्या माझी स्वतःचीही.

सासूबाई काठी टेकत उठल्या, ह्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आ कर," त्या म्हणाल्या.

"आई, जमादाराने सोडलं मला."

"जमादार तुझी आई न्हाई. आ कर."

ह्यांनी एकदा दादूकडे बघितलं, एकदा थाप्या घेऊन बसलेल्या बायांकडे. मग चाळिशीला आलेला तो माणूस सगळ्यांदेखत आईपुढे वाकला आणि त्याने तोंड उघडलं, आणि हुंगून तिची खात्री होईपर्यंत तसंच उघडं ठेवलं.