दगडांखाली निजलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा, म्हणजे एकाच खोडातून कोरलेली होडी आहे आणि सध्या पाण्याखाली आहे. लगेच हळहळू नका. मी फुटलेलो नाही की वादळातही सापडलेलो नाही. माझ्या पोटात दगड भरून मला नवेगाव बांधच्या तलावात, काठाजवळच्या कंबरभर पाण्यात मुद्दाम बुडवून ठेवलं आहे. दरवर्षी पावसाळ्यात ठेवतात. तुम्हाला उन्हाळ्याची सुट्टी असते, तशी मला पावसाळ्याची. फरक एवढाच, की माझ्या सुट्टीत मला कोणी अभ्यास देत नाही.

जन्मानं मी मोहाचा. आमच्या भागात उभ्या मोहाला सहसा कोणी कुऱ्हाड लावत नाही. फुलं आणि तेल देणाऱ्या झाडाला कोण तोडणार? माझं झाड एका उन्हाळ्यात वावटळीनं आपणहून आडवं झालं. तलावात मासे धरणारा सुकराम तिथून जात होता. खोडाभोवती दोन चकरा मारून त्यानं एक थाप दिली आणि म्हणाला, "पडला त पडला. आता पोहाले शिक."

त्यानं मला कुऱ्हाडीनं कोरलं, आत मंद विस्तव ठेवून जाळलं आणि तासणीनं गुळगुळीत केलं. जाळताना मी फार रागावलो होतो. पण पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. माझ्याइतका सरळ चालणारा डोंगा त्या काठावर दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, शेजारचा मंगरू म्हणायचा, आणि मंगरू स्वतःच्या बैलाचंही कौतुक करत नसे.

सुकरामला वेळेची फार जाण होती. थंडीत तो उन्हं चढल्याशिवाय मला हलवत नसे, कारण गारठलेला मासा तळाशी पडून असतो. चैत्रात मात्र उजाडायच्या आधी निघायचा, कारण ऊन तापलं की मासा खोल जातो. दिवाळीनंतर धानाला पाणी सुटलं की तलाव उतरायला लागतो, काठ मागे सरकतो आणि मासे उरलेल्या पाण्यात गोळा होतात. तो आमचा खरा हंगाम. आणि आषाढात नाले तलावात धावत आले, की सुकराम जाळं आढ्याला टांगायचा आणि मला दगडांनी भरून बुडवायचा. त्या दिवसांत पोटुशी मासळी नाल्यांतून वर चढते, धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, आणि काठच्या गवतात अंडी घालते. तेव्हा जाळं टाकायचं नाही, हा नेम. डोंगा वर राहिला तर मोह होतो, म्हणून डोंगाच निजवायचा. शिवाय पाण्यात राहिलं की माझं लाकूड चिरत नाही. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ना, इथे तर दगडही पुष्कळ होते.

मग एका वर्षी सुकराम गेला. त्याचा मुलगा उमेंद्र त्याआधीच, मिसरूड फुटायच्या वयात, दूर कोकणात, समुद्रावरच्या बोटीत खलाशी म्हणून लागला होता. सुकरामची बायको दुर्पताबाई एकटी राहिली, आणि मी काठावर उन्हात. माझ्या अंगाला बोट जाईल एवढी फट पडली. शेळ्या माझ्यावर चढून झाडाचा पाला ओरबाडायच्या. एका कोंबडीनं तर मला माहेरच करून टाकलं. असून अडचण, नसून खोळंबा अशी माझी गत झाली. कोणीतरी म्हणालं, फोडून चुलीत घाला. दुर्पताबाई ताडकन म्हणाली, "चुलीत घालाले लाकडं लय आहेत. हा नाई." मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी आजवर तरंगतो आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला उमेंद्र आपली बायको रेणू हिला घेऊन घरी आला. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यामागे लागला. फटीत कापूस ठोकला, राळ आणि तेल कालवून वर लेप दिला. ही विद्या तो बोटीवर शिकला होता. काम झाल्यावर आईला म्हणाला, "माय, एक साल इथंच राहून पाहातो. तलावावर पोट भरलं त ठीक. नाई त नारळी पुनवेले बोटी पाण्यात जातात, तवा मीबी जातो."

दुर्पताबाईनं वर काही दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून ती येता-जाता माझ्या भरलेल्या फटीवरून हात फिरवायची. पोरगा राहतो की जातो, हा घोर तिला होता, आणि खरं सांगतो, मलाही होता.

आता उमेंद्रची एक गंमत. समुद्राला रोज भरती येते, रोज ओहोटी, आणि पुनवेला मोठं उधाण. त्याच्या अंगात तेच घड्याळ भिनलेलं. कार्तिकी पुनवेच्या संध्याकाळी त्यानं पाण्याच्या कडेला काडी रोवली, की पाणी किती चढतं ते पाहू. सकाळी काडी जागच्या जागी, आणि तिच्यावर एक चतुर बसलेला. मंगरू पोट धरून हसला. "हालला का रे तलाव?" असं तो महिनाभर ज्याला-त्याला विचारत होता. उमेंद्रनं चिडून आईला विचारलं, "मंग इथं भरती येतच नाई का?"

"येते ना," ती म्हणाली. "सालात एकदा येते. आषाढात."

झालं! हे त्यानं मनात पक्कं धरून ठेवलं. हिवाळा-उन्हाळा आम्ही दोघं हिंडलो. बरं चाललं होतं, पण फार बरं नाही, कारण आपलं पाणी तो विसरला होता. थंडीत भल्या पहाटे जायचा आणि रिकामा यायचा. मग आषाढ आला, नाले भरले, पाणी चढू लागलं, आणि नेमकं तेव्हाच दुर्पताबाई आणि रेणू यांनी मला दगड भरून बुडवलं.

उमेंद्रचा जीव वरखाली होऊ लागला. "माय, समुद्रावर येत्या पाण्याले खाडीच्या तोंडावर जाळं लावतात. इथं भरती आली अन् आपण डोंगा बुडवून बसलो! कायले?"

"तिकडंबी पावसाळ्यात बोटी बंद राहातात ना?"

"ते वादळाच्या भेवानं. इथं कुठचं वादळ?"

तशात बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याचा फोन आला, नारळी पुनवेला येणार की नाही ते कळव. रेणूनं विचारलं. उमेंद्र म्हणाला, "या भरतीत काय गावते ते पाहातो, मंग सांगतो."

सासू-सून धानाच्या रोवणीला गेलेल्या होत्या, अशा एका सकाळी तो खांद्यावर जाळं टाकून आला. नाल्याच्या तोंडाशी जायचा त्याचा बेत होता. तो पाण्यात उतरला आणि माझ्या पोटातले दगड काढू लागला. एक दगड काढला, दुसरा काढला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण लाकडाला तोंड कुठलं?

तिसऱ्या दगडाला हात घातला आणि तो "आय गं!" करून मागे सरला. काहीतरी त्याच्या बोटाला कडकडून चावलं होतं. तो वाकला. पाणी निवळू दिलं. माझ्या आत, गवताच्या सावलीत, एक मोठी मरळ आडवी उभी होती, वाट अडवून. तिच्यामागे तांबूस पिलांचा एक गोळाच्या गोळा होता. तो एकदा वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा माझ्या तळाशी जायचा. माझ्या आतल्या अंगाला कुणाची तरी अंडी चिकटलेली. आयुष्यभर मी मेलेले मासे वाहिले होते मित्रांनो. जिवंत पिलं अंगावर खेळवण्याचं सुख मला या दगडांखालीच मिळतं.

उमेंद्रनं खांद्यावरचं जाळं काठावर नेऊन टाकलं. दुपारी दुर्पताबाई आणि रेणू चिखलाच्या पायांनी परत आल्या. बाहेर काढलेले दगड दुर्पताबाईनं पाहिले आणि विचारलं, "डोंगा काढून राहिला का रे?"

"नाई माय," तो हळूच म्हणाला. "डोंग्यात जागाच नाई. भरलेला आहे."

ती पाण्याशी आली, वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. उमेंद्रनं काढलेले दगड एकेक करून परत आत ठेवले. इतके अलगद, की पिलांचा गोळा फुटलासुद्धा नाही. मरळीनं त्याला पुन्हा एकदा चावून पाहिलं, ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळी तांडेलाचा फोन आला तेव्हा तो माझ्याजवळच काठावर बसला होता. तो म्हणाला, "नाई जमत भाऊ. आमच्याकडं आत्ताच भरती आली आहे. मले ओहोटीपर्यंत थांबावं लागते."

ओहोटी आली. दिवाळीनंतर पाणी उतरलं, आणि उमेंद्र उन्हं चढेपर्यंत आईजवळ चहा पीत बसायला शिकला. जाळी जड येऊ लागली. मंगरूनं माझं पुन्हा कौतुक केलं. यंदाच्या आषाढात माझ्या पोटात दगड भरले ते उमेंद्रनंच, रेणूनं हातात दिले तसे. शेवटचा दगड ठेवून त्यानं बापासारखीच थाप मारली आणि म्हणाला, "नीज आता."

तर मित्रांनो, पावसाळ्यात कधी एखाद्या तलावाच्या काठी बुडालेला डोंगा दिसला, तर दया येऊन त्याचे दगड काढू नका. जवळ दंगाही करू नका. जरा वाकून बघा, आणि आल्या पावली हळूच निघून जा. आत लहान मुलं झोपलेली असतात.