एक रायफल, दोघी जणी

माझ्या बायकोला नेमबाजी क्लबच्या नाताळच्या सोडतीत रायफलची नळी लागली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता गेली.

पहिलं बक्षीस होतं डुकराची अख्खी मांडी, खारवून धुरी दिलेली. दुसरं बक्षीस ही नळी. कोरी करकरीत, लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बनवलेली, पण नुसती नळीच. नोएलीनला मांडी हवी होती. नाव पुकारल्यावर ती उठली, नळी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला आता भट्टीत किती वेळ ठेवायचं?"

सगळे हसले. माझी थोरली बहीण रेविन मात्र हसली नाही. ती नळीकडे असं बघत होती, जसं आमचं कुत्रं जेवणाच्या टेबलाकडे बघतं.

त्याला कारण होतं. रेविनकडे आमच्या वडिलांच्या जुन्या रायफलची ॲक्शन होती, म्हणजे बोल्ट ज्यात पुढेमागे सरकतो तो पोलादी भाग. वडिलांनी ती रायफल इतकी चालवली की तिची नळी झिजून गेली आणि लाकूड तडकलं, पण ॲक्शन अजून लोण्यासारखी सरकायची. जाताना त्यांनी ती रेविनच्या हातात दिली होती. आमच्या दरीतल्या क्लबमध्ये रेविन आणि नोएलीन क्लबचीच एक रायफल आळीपाळीने वापरत. आमच्या दक्षिण गोलार्धात नाताळ उन्हाळ्यात येतो, आणि त्या उन्हाळ्यात तिनेही मान टाकली. हजार यार्डांवर तिच्या गोळ्या टार्गेट सोडून मेंढ्यांच्या कुरणात धुरळा उडवायला लागल्या.

आता एकीकडे नळी, दुसरीकडे ॲक्शन. एकटी वस्तू दोघींच्याही कामाची नाही.

रेविन दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात. "नोएलीन, ती नळी मला देऊन टाक. तू काय करणार तिचं? पडदे लावणार?"

"लावीन की. नाहीतर तू ती ॲक्शन मला दे. तू काय करणार तिचं? दार अडवणार?"

"माझ्या बापाची आहे ती!"

"आणि नळी माझ्या नशिबाची आहे!"

मी शेडमध्ये लेथवर काम करत होतो. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती हा माझा धंदा. आणि इतक्या वर्षांत एक शिकलो होतो की बायको आणि बहीण भांडत असताना लेथ चालू ठेवावा. पण त्या दोघी शेडमध्येच आल्या.

"डेस, तूच सांग," दोघी एकदम म्हणाल्या.

"जोडून टाकू," मी म्हणालो. "एक रायफल. दोघींची."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी दोघींना एकच चप्पल घालायला सांगितली होती. रेविन सहा फुटांची, हात वल्ह्यासारखे लांब, मान बगळ्याची. नोएलीन तिच्या खांद्याखाली येते आणि मान शोधावी लागते. रायफल ही कपड्यासारखी असते. मापाची नसली तर गाल नीट टेकत नाही, डोळा नेम धरायच्या छिद्रासमोर येत नाही, आणि नेम चुकला की दोष वाऱ्याला. पण दोघींपुढे दुसरा मार्ग नव्हता. चहाचे दोन कप झाल्यावर त्या कबूल झाल्या, एका अटीवर. प्रत्येक गोष्ट दोघींना विचारून करायची.

ती अट मान्य केली तेव्हा मला वेड लागलं असावं.

नळीचं काम त्यातल्या त्यात सोपं होतं, कारण लेथला मत नसतं. मागच्या टोकाला आटे पाडले, काडतूस बसेल अशी जागा कोरली, जरा कोरायचं, मोजायचं, पुन्हा जरा कोरायचं. नळी ॲक्शनमध्ये घट्ट बसली तेव्हा नोएलीनने बोल्ट पुढे ढकलला आणि तो 'टक्' करून बंद झाला. रेविनने नाक पुसलं. वडिलांच्या रायफलचा आवाज होता तो.

मग दस्ता आला, म्हणजे नळी आणि ॲक्शन ज्यात बसते ते लाकूड. नोएलीनला जेवणाचं टेबल करून देण्यासाठी मी अक्रोडाची एक जाड फळी ठेवली होती. ती कापायची परवानगी तिने दिली, पण त्यानंतर आठवडाभर जेवताना ती रोज डगमगत्या टेबलाला हात लावून बघायची आणि माझ्याकडे बघायची. दस्त्याचा गालाखालचा तुकडा मी वरखाली होणारा केला आणि खांद्याला टेकायचा भाग मागेपुढे सरकणारा. दोन्ही भाग चाक्यांनी सरकायचे, आणि एकेका चाकीवर दोघींच्या मापाच्या खुणा हव्या होत्या. नोएलीनने नखांचा लाल रंग आणला.

"लाल माझा," रेविन म्हणाली.

"नखं माझी आहेत, रंग माझा आहे, लाल तुझा कसा?"

"तुला तो जांभळा शोभतो."

शेवटी लाल रेविनचा आणि जांभळा नोएलीनचा ठरला. चाप किती हलका असावा यावर दोन दिवस गेले. नोएलीनला श्वास लागला की सुटेल असा हवा होता. रेविन म्हणाली, "तू शिंकलीस तर टामाती मरेल." टामाती म्हणजे आमचा रेंज कॅप्टन, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. नियमात बसेल इतका जड चाप ठेवला आणि दोघी सारख्याच नाराज झाल्या. म्हणजे काम बरोबर झालं होतं.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. ॲक्शन लाकडात जराही हलू नये म्हणून खाली एक लेप ओततात. तो सुकला की दगड होतो आणि पोलादाचा अचूक साचा तयार होतो. पण आधी पोलादाला मेण चोपडावं लागतं, नाहीतर दोन्ही कायमचे चिकटतात. मेणाचा डबा मी टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "तुमच्यापैकी एकीने चोपडा." आणि लेप कालवायला वळलो. मागे भांडण चाललं होतं, पहिली गोळी कोण झाडणार यावर. मी विचारलं, "झालं?" दोघी म्हणाल्या, "झालं." मी लेप ओतला, स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवशी रायफल सुटेना. लाकडी हातोड्याने ठोकलं, ओढलं, रेविनने गुडघा लावून ओढलं.

"मेण लावलं होतं ना?" मी विचारलं.

"हिने लावलं," रेविन म्हणाली.

"मी? मी म्हटलं, तू लावतेयस!"

"'झालं' कोण म्हणालं मग?"

"भांडण झालं म्हणाले मी!"

मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि नंतर माझ्याकडे. कित्येक वर्षांत त्या पहिल्यांदा एका बाजूला आल्या. बघायला नको होतं का, डोळे काय कामाचे, असल्या माणसाच्या हाती पोलाद कोणी दिलं, असं दोघींनी मला मिळून झोडपलं. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. खरं सांगू, ते ऐकताना मला बरंच वाटत होतं.

उपाय एकच होता, गारठा. पोलाद आणि लेप थंडीत सारखे आकसत नाहीत, त्यामुळे कधी कधी पकड सुटते. मागच्या ओसरीवर आमचा मोठा फ्रीझर आहे. नोएलीनने त्यातून अर्धी मेंढी, वाटाण्याच्या पिशव्या आणि रासबेरीचे डबे काढले, रेविनने ते आपल्या घरी नेले, आणि रायफल ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यात निजवली. सकाळी ती बाहेर काढली. दोघींनी दोन टोकं धरली, मी लाकडाखाली ठोसा दिला. करकर झालं आणि ॲक्शन सुटून वर आली. खाली लेप काचेसारखा गुळगुळीत, एक चीरही नाही. रेविनने नोएलीनला उचलून गरकन फिरवलं. रासबेरी मात्र तिने परत केल्या नाहीत.

उन्हाळा सरताना आमच्या क्लबची मोठी स्पर्धा असते, नऊशे आणि हजार यार्ड. दरीभरातले आणि डोंगरापलीकडचेही नेमबाज येतात. चहाच्या खोलीत चीज रोल भाजल्याचा वास, कुरणात गाड्यांची रांग, आणि नदीकडून वाऱ्याची निशाणं फडफडत असतात. रायफलवर दुर्बीण लावायला परवानगी नसते. मागे वाऱ्याप्रमाणे खटक्यांनी डावीउजवीकडे सरकवता येणारं बारीक छिद्र, पुढे कडं, आणि त्या कड्यात दूरवरचा काळा ठिपका धरायचा. गोळीला तिथवर जायला एवढा वेळ लागतो की वारा तिला वाटेत कुठेही नेऊ शकतो.

दोघींच्या पाळ्या वेगवेगळ्या आल्या होत्या, त्यामुळे अडचण नव्हती. रेविन उठली की मी लालवरून जांभळ्यावर चाक्या फिरवायचो. रेविनची ताकद तिच्या स्थिरपणात. एकदा झोपली की ओंडका. नोएलीन वारा वाचते. गवत, निशाणं, तापलेल्या जमिनीवरची थरथर, सगळं तिला दिसतं आणि तोंडाने ती सतत पुटपुटत असते. संध्याकाळी फलकावर गुण लागले. आमचा नेहमीचा विजेता, पलीकडच्या दरीतला पशुवैद्य, तिसरा. पहिल्या स्थानावर दोन नावं. सारखे गुण, मधल्या गोलातले नेमही सारखे.

दोन्ही नावं आमच्या घरातली.

टामाती नियमांची पुस्तिका घेऊन आला आणि डोकं खाजवायला लागला. "बरोबरी झाली तर दोघांनी एकाच वेळी पाच-पाच गोळ्या झाडायच्या. पण तुमच्याकडे रायफल एक."

"मग तिने हार मानावी," दोघी म्हणाल्या.

टामातीने पुस्तिका मिटली. "एकच टार्गेट. शेजारी शेजारी झोपा. एक गोळी रेविनची, एक नोएलीनची. टार्गेट खाली खड्ड्यात जाऊन, तिथल्या माणसांनी गोळीची खूण लावून वर येईपर्यंत रायफल इकडून तिकडे. बोल्ट उघडा, नळी पुढे. डेस मध्ये झोपेल आणि चाक्या फिरवेल. आणि डेस, वाऱ्याबद्दल एक अक्षर बोललास तर दोघी बाद."

अख्खा क्लब मागे येऊन उभा राहिला. मी बायको आणि बहिणीच्या मध्ये पालथा झोपलो. दोघींच्या कोपरांनी माझ्या बरगड्या धरल्या होत्या. रेविनने पहिली गोळी झाडली. टार्गेट खाली, मी रायफल ओढली, गाल खाली, दस्ता आत, जांभळी खूण. नोएलीनने रायफल पेलायचा आपला पट्टा अडकवला, टार्गेट वर, आणि रेविनची खूण पाहून ती पुटपुटली.

"माझ्या गोळीवर वारा शिकतेयस तू!" रेविन कुजबुजली.

"आणि माझ्यावर तू शिकशील पुढची. गप."

लाल, जांभळा, लाल, जांभळा. माझी बोटं सुन्न पडली. दोघींच्याही गोळ्या काळ्यात जात होत्या. चार-चार झाल्या आणि बरोबरी कायम राहिली. रेविन पाचवीसाठी गाल टेकवते तोच टामाती ओरडला, "थांबा!" टार्गेटच्या पुढ्यात सात-आठ मेंढ्या निवांत चरत निघाल्या होत्या. बोल्ट उघडला, रायफल खाली. मेंढ्या हाकलायला कोणीतरी मोटारसायकल काढली. नोएलीनने खिशातून पेपरमिंट काढून माझ्या पाठीवरून रेविनला दिलं. रेविनने घेतलं.

मेंढ्या गेल्या. "चालू करा!"

रेविन पुन्हा ओंडका झाली. तेव्हा मला दिसलं. जवळची निशाणं पहिल्यासारखीच फडफडत होती, पण टार्गेटजवळचं निशाण खांबाला चिकटून लोंबत होतं. तिथला वारा मेला होता. रेविनचं छिद्र मात्र मघाच्याच वाऱ्यावर लावलेलं होतं. मी नोएलीनकडे बघितलं. तिनेही ते पाहिलं होतं. पेपरमिंट चघळणं थांबलं होतं. ती टार्गेटकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. मीही दात आवळले.

गोळी सुटली. टार्गेट वर आलं तेव्हा खूण काळ्या गोलाच्या बाहेर, डावीकडे होती. मागे कुणीतरी 'अरेरे' म्हणालं.

मी चाक्या फिरवल्या. नोएलीनने छिद्राचे खटके मागे घेतले, टक् टक् टक् टक्, बराच वेळ वाट पाहिली आणि झाडली. काळ्यात. कडेवर, पण काळ्यात.

कोणी ओरडलं नाही. सगळे रेविनकडे बघत होते. ती उठून बसली, पट्टा सोडला आणि माझ्या डोक्यावरून विचारलं, "ते मागचं निशाण पडलेलं तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं," नोएलीन म्हणाली.

"आणि तोंड उघडलं नाहीस."

"नाही."

"उघडलं असतंस ना, तर जन्मात तुझ्याशी बोलले नसते मी." असं म्हणून तिने माझ्या अंगावरून वाकून नोएलीनला असं कवटाळलं की खाली मी चिरडलो. मग मात्र ओरडाआरडा झाला.

विजेत्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन चहाच्या खोलीपर्यंत न्यायची आमच्याकडे पद्धत आहे. टामातीने खुर्ची आणली. एका बाजूला रेविन लागली, दुसऱ्या बाजूला मी. मी उंचीला नोएलीनहून फार वेगळा नाही, त्यामुळे खुर्ची उचलताच ती माझ्या बाजूला उतारावर आलेल्या गाडीसारखी कलली. नोएलीनने एका हाताने बक्षिसाचा कप धरला, दुसऱ्या हाताने रेविनचे केस.

"सरळ धरा! डेस, वर कर!"

"वर म्हणजे कुठे? माझे हात संपले!"

"केस सोड गं, बाई," रेविन खालून हसत होती, दमलेली, घामाघूम, "नाहीतर इथेच ओतते तुला."

नोएलीनने केस सोडले नाहीत. आम्ही तशाच तिरक्या वरातीने कुरणातून निघालो, आणि चीज रोल संपायच्या आत पोहोचलो.