पाचपैकी पाच

"काका, काकूंचे फॉर्म आम्ही मोजणीतून काढलेत," स्पृहा म्हणाली.

"काढले म्हणजे? मेली म्हणून?"

"नाही हो. तसं नाही."

"मग तो फलक कशाला लावलाय दारात? तिचा फोटो चालतो आणि ती चालत नाही?"

नजरबादच्या त्या सभागृहाच्या दारात माझ्या बायकोचा हातभर मोठा फोटो होता. कुसुमावती, वय सहासष्ट, निळ्या सायकलवर, पदर खोचलेला. तिला जाऊन दोन महिने झाले होते. सकाळी भाजी चिरता चिरता छातीत दुखलं आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. सायकलचा त्यात काही संबंध नव्हता.

स्पृहा पुण्याची. म्हाताऱ्या माणसांनी सायकल चालवली तर त्यांचं मन बरं राहतं का, यावर तिचा अभ्यास होता. लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी समाजाच्या बारा बायकांना तिनं सायकली दिल्या. आठवड्यातून तीनदा, सकाळी सहाला. दर महिन्याला एक फॉर्म. त्या दिवशी बंगळुरूहून ट्रस्टचे लोक येणार होते. पुढच्या दोन वर्षांचा निधी त्यांच्या हातात होता. मी दोन मिनिटं चांगलं बोलावं म्हणून मला बोलावलं होतं.

"काकूंनी पहिल्या महिन्यापासून सगळीकडे पाचपैकी पाच दिलेत," ती म्हणाली. "सायकलनं फरक पडला की नाही ते त्यातून कळतच नाही. अजून सहाजणींचं तसंच आहे. ट्रस्टला मी काय दाखवू?"

मी बाहेर आलो. डोकं तापलं होतं. व्हरांड्यात भाग्या भेटली. ही आमच्या गल्लीतली, कुसुमच्या बरोबरीनं सायकल चालवायची. तिला मी सगळं सांगितलं. वाटलं, तीही चिडेल.

"पाच?" ती म्हणाली. "कुसुमक्कानं पाच दिले? अय्यो भावजी, ती असं कशाला लिहील?"

"का? काय कमी होतं तिला?"

"सुम्ने, उगाच विचारू नका. रोज सांगायची की, तलावाच्या रस्त्याला लागलो की. दिवसभर घरात एक शब्द बोलायला माणूस नाही म्हणायची. ह्यांचा टीव्ही बोलतो, मी ऐकते. सायकलवर बसलं की तेवढं बरं वाटतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगून काय? तुम्ही पाच लिहिणार."

म्हणजे फॉर्म मी भरले हे तिला आधीच ठाऊक होतं; मघाशी ती मुद्दाम विचारत होती. सगळ्याच बायकांना ठाऊक होतं. आमच्या घरांत फॉर्म पुरुष भरतात. रेशनचा असो, गॅसचा असो, बँकेचा असो. हाही तसाच भरला. वर कन्नडमध्ये लिहिलं होतं, ज्याचा फॉर्म त्यानेच भरावा. मी ते वाचलं होतं. खाली प्रश्न होता, तुम्हाला घरात एकटं वाटतं का? मला त्या प्रश्नाचाच राग आला. हेब्बाळच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभा राहून मी घर चालवलं, आणि माझी बायको माझ्या घरात एकटी आहे का हे विचारणारे हे कोण? मी 'कधीच नाही'वर, म्हणजे पाचवर, खूण केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. ती दहा पावलांवर चपात्या लाटत होती. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं.

नंतरच्या महिन्यांत तर मी प्रश्नही वाचले नाहीत.

ट्रस्टकडून सहाना नावाच्या बाई आल्या होत्या. स्पृहानं माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि कन्नडमध्ये बोललो.

"माझ्या बायकोचे फॉर्म मी भरले. तिला काहीही विचारलं नाही. ती सुखी होती असं मी लिहिलं, कारण मला तसं पाहिजे होतं."

मागून, बाकीच्या नवऱ्यांच्या रांगेतून, भुजंगराव हसले. "त्र्यंबकराव, बसा खाली. आपल्या बायका काय वेगळं लिहिणार होत्या?"

"आणा इकडं तो कागद," त्यांची बायको म्हणाली. "लिहूनच दाखवते."

बायका हसल्या. सहाना हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अजून कुणी बायकोचा फॉर्म भरला?"

एकही हात वर झाला नाही. मी त्या रांगेकडं बघत राहिलो. यांच्याबरोबर मी आयुष्यभर भजनाला बसलो होतो, आणि आता सगळे चपलांकडं बघत होते. "भुजंगराव," मी ओरडलो, "तुमची बायको जिवंत आहे! तिला विचारता येईल!"

भुजंगरावांनी हात वर केला. मग आणखी पाच जणांनी.

स्पृहाचा चेहरा उतरला. "घरोघर माणूस पाठवून विचारायला निधीच नव्हता, मॅडम. म्हणून फॉर्म घरी दिले."

"मग आधी विचारून घेऊ," सहाना म्हणाल्या. "निधीचं नंतर बघू."

शेजारच्या खोलीत दोन खुर्च्या ठेवल्या. एकेक बाई आत जाणार, स्पृहा विचारणार, दार बंद. आम्ही पुरुष व्हरांड्यात. एकीला वीस मिनिटं पुरतील असं ठरलं होतं. भुजंगरावांची बायको तासाभरानं बाहेर आली. नवऱ्याकडं न बघता ती सरळ नळावर गेली आणि तोंड धुऊ लागली. भुजंगराव उठले, परत बसले.

सहाना दारात यादी घेऊन उभ्या होत्या. यादी जुनी होती.

"कुसुमावती," त्यांनी वाचलं.

बायका खाली बघू लागल्या.

"कुसुमावती आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "पुढचं नाव घ्या."

त्यांनी पुढचं नाव घेतलं. भाग्या उठली, साडी नीट केली आणि आत गेली.