नामाचा डबा आणि मेथीची जुडी

उतू गेलेल्या दुधाचा वास.

लहान मुलीची एकच चप्पल, डाव्या पायाची.

राम कृष्ण हरी.

लोणी देवकरच्या कंपनीकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न.

जळालेली डीपी. सुटलेली मेथीची जुडी.

राम कृष्ण हरी.

मित्रांनो, हे सगळं ज्याने ऐकलं आणि पाहिलं, तो मी. पिंपळीच्या एका घरात, देवघराशेजारच्या बोर्डात खुपसलेला जुना नामाचा डबा. तुमच्याकडेही माझा एखादा भाऊ असेल. साबणाच्या वडीएवढा, पुढे जाळी, मागे दोन पिना. बटण दाबलं की मी नाम घेतो. दमत नाही, विसरत नाही, माझं लक्षही कुठे जात नाही. ही बढाई नव्हे. माझ्याजवळ लक्षच नाही.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात एका अनोळखी माणसाचा आवाज भरला गेला. तो माणूस कोण, मला माहीत नाही. त्यालाही मी माहीत नाही. मग खोका, मग बारामतीतलं दुकान, मग जयवंताबाई.

जयवंताबाई म्हणजे या घरच्या मालकीण. भाजीपाल्याची शेती, हात कामाला वाघ, आणि जीभ त्याहून. मी येण्याआधीची, मागून कानावर आलेली गोष्ट: एकदा पाहुण्यांसमोर सुनेच्या हातून दूध उतू गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या आयनं तुला चुलीपुढं उभं राहायला बी शिकवलं न्हाय व्हय?" सून स्वरूपाने आपल्या लेकीला, छकुलीला, कडेवर घेतलं आणि ती वालचंदनगरला माहेरी निघून गेली. घाईत छकुलीची एक चप्पल, मी पुढे जिथे आलो त्या बोर्डाखालच्या फळीवर राहिली. ती कुणी उचलली नाही.

त्याच आठवड्यात सप्त्यात महाराजांनी सांगितलं, की मन आवरायचं असेल तर घरात अखंड नाम असू द्या. जयवंताबाई दुसऱ्याच दिवशी बारामतीला जाऊन मला घेऊन आल्या.

माझं फार कौतुक झालं. येणारा-जाणारा हात जोडायचा. मालक आप्पासाहेब थट्टेखोर. ते म्हणायचे, "अगं, त्याला जरा कोबीत नेऊन ठीव. नाम ऐकून गड्डा तरी भरंल." मी गात होतो. त्याच वेळी जयवंताबाई मजुरांवर, मांजरावर, पाण्याच्या मोटारीवर ओरडत होत्या. माझा आवाज आड यायला लागला, की त्या आपला वाढवायच्या.

शेजारच्या सिंधुबाई एकदा दारातूनच म्हणाल्या, "जयवंताक्का, तुमच्या घरात देवाचं नाव बी चालू आन् शिव्या बी चालू. देवानं कंचं ऐकावं?"

मुलगा इंद्रजित, स्वरूपाचा नवरा, कंपनीतून आला, की ताट घेऊन एकटाच बाहेर बसायचा. एका संध्याकाळी त्याने फोन लावून आईच्या हातात दिला. जयवंताबाईंनी तो माझ्या जाळीपुढे धरला.

"ऐकलंस का, स्वरूपा? घरात आता अखंड नाम असतं. ये आता माघारी."

"ऐकू येतंय, आत्या," पलीकडून आवाज आला. "पर मला काय त्या डब्यासंगं नांदायचं न्हाय. तुमची जीभ थांबती का, तेवढं सांगा."

"मग बस तितंच!"

फोन बंद झाला. मी चालू होतो.

पुढे कौतुक सरलं. फोडणीचा चिकट थर माझ्या जाळीवर बसला. माझ्यामागे पालीने अंडी घातली. मी गातोय हे कुणाच्या कानावरही येईनासं झालं.

मग गावातली विजेची डीपी जळाली.

वायरमन आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. वीज नसली की मी गात नाही. ऐकणं-पाहणं तेवढं सुरू राहतं. घर गप्प झालं. जयवंताबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत माझ्यासमोर बसल्या होत्या. थोड्या वेळाने मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच सुरुवात केली.

"राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी. राम कृष्ण... आन् ती शेजारची सिंधू, लई शाणी, सोताच्या सुनंला..." त्या थांबल्या. "आगं बया. कुठं गेलते मी?"

हातातली जुडी बांधून झाली होती. त्यांनी केळीच्या सोपटाची, म्हणजे वाळक्या सालीची, गाठ सोडली, पाला परत मांडीवर पसरला आणि पहिल्यापासून नाम घेत तीच जुडी पुन्हा बांधली. तो त्यांचा नेम झाला. मन पळालं, की जुडी सोडायची. नामावर टिकलं, तरच टोपलीत टाकायची.

टोपली भरेना. आप्पासाहेब दारात उभे. "बाजार उठायच्या आत तरी व्हईल का गं?"

"मन पळतंय माजं."

"पळू दे की. मेथी का सोडतीस?"

"त्याला कळाया पायजे, पळालं की काम वाढतंय."

आप्पासाहेब हसले नाहीत. शेजारी बसून पाला निवडू लागले.

वीज आली, मी गाऊ लागलो. जयवंताबाईंचा नेम मात्र तसाच राहिला.

थंडी पडली तेव्हा स्वरूपा आली. छकुलीचे स्वेटर न्यायचे होते, परतीच्या एसटीने जायचं होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. छकुली आत धावली. आपली चप्पल दिसली म्हणून फळीवर चढली आणि आधाराला तिने मला धरलं.

मी फरशीवर आपटलो. जाळी निखळली. फळीवरचा दुधाचा गंज माझ्यामागोमाग आला.

सगळं दूध सांडलं.

जयवंताबाईंचं तोंड उघडलं. मानेची शीर फुगली. स्वरूपाने लेकीला ओढायला हात पुढे केला. आप्पासाहेबांनी डोळे मिटले.

मेथी बांधत बसलेल्या जयवंताबाईंच्या हातात एक बांधलेली जुडी होती. त्यांनी तिची गाठ सोडली. पाला मांडीवर पडला. त्यांनी तो सावकाश गोळा केला, देठ जुळवले, सोपट गुंडाळलं. माझ्यात थोडी धुगधुगी उरली होती. मी "राम कृष्ण" म्हणालो आणि कायमचा थांबलो. पुढचं जयवंताबाईंनी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "लागलं का गं, छकुले?"

छकुलीने नाही म्हणून मान हलवली. स्वरूपाने सासूच्या हातांकडे पाहिलं. मग तिने पिशवी भिंतीला टेकवली, फडकं घेतलं आणि दूध पुसलं. परतीची एसटी गेल्याचा आवाज आला.

आता मी माळ्यावर आहे. मित्रांनो, माझ्या भावांची जाळी पुसत जा, एवढी विनंती करतोच. त्याहून मोठी विनंती अशी, की कधीतरी त्यांना बंद करून शांत बसा. तुमचं मन कुठे जातं ते पाहा, आणि ते परत आणायचं काम कुणा डब्यावर सोपवू नका. आम्हाला ते येत नाही.

मला विकत आणलं त्या दिवशी मी खोक्यात बंद होतो, आणि बारामतीपासून पिंपळीपर्यंत एसटीत जयवंताबाई स्वतःच नाम घेत होत्या.