मांजरांपुढची वाटी

ओवी रडली की शेजारच्या बाया आधी उंबऱ्याकडे बघायच्या, मांजर शिरलं का म्हणून. आवाजच तसा, पिलासारखा बारीक. वर्ष उलटलं तरी पोर मान धरत नव्हती.

तिच्या आजीनं, झुंबरबाईनं, निकाल केव्हाच लावून टाकला होता. "सूननी गरवार असताना व्यायेल मांजरले हाकली दिधं. तेच भोगी ऱ्हायनी पोर!"

ओवीच्या आईनं, सुलक्षणानं, गरोदरपणी कापसाच्या खोलीतून व्यालेलं मांजर हाकललं होतं, हे खरंच. सासू बोलली की ती विठ्ठलाच्या तसबिरीपुढं नाक घासायची. काय करणार, तिलाही ते पटलं होतं.

मग जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. ओवीच्या पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडाच नव्हता. मेंदू आणि कंठ घडताना तो लागतो. पुढं आईबापाचं रक्त तपासलं. सुलक्षणाचं ठीक निघालं. तिच्या नवऱ्याच्या, नवलच्या रक्तात मात्र तुकड्यांनी जागा बदलल्या होत्या. त्याच्यात सगळे तुकडे होते, म्हणून त्याला काही बाधलं नाही. लेकीला देताना एक मागं राहिला.

"यांना सख्खी बहीण आहे ना?" बाई म्हणाल्या. "तिचंही रक्त तपासून घ्या. मूल होण्याआधी कळलेलं बरं."

बहीण म्हणजे कोकिळा, रावेरला दिलेली. किती नवसांनी तिला नुकते दिवस गेले होते.

झुंबरबाईनं सगळं ऐकलं आणि पदर खोचून सुनेला शपथ घातली. "कोकिळाले काही सांगानं नई. तिना सासरना लोके तिले धाडी देतीन. मनी आण शे तुले."

नवल खाली मान घालून चपलेचा अंगठा ओढत राहिला.

गावात सप्ताह बसला तशी कोकिळा माहेरी आली. पिशवी ठेवायच्या आधी तिनं अंगणातल्या मांजरांपुढं दुधाची वाटी ठेवली.

"रावेरलाही रोज घालते, वहिनी. सासूबाई म्हणतात, मांजरांची सून झालीस तू. म्हणू देत. तुझ्यासारखं नको व्हायला..." तिनं जीभ चावली. "माफ कर गं."

ओवीला मात्र तिनं लांबूनच पाहिलं. जन्मल्यापासून एकदाही उचललं नव्हतं.

संध्याकाळी कीर्तनात बुवांनी कुंभारणीची कथा लावली. मडकी भाजायचा आवा पेटवला आणि मग तिला आठवलं, कच्च्या मडक्यात मांजरीची पिलं आहेत. मांजरीचं नाव निघताच बायांच्या माना सुलक्षणाकडं वळल्या. तिनं मांडीवरच्या ओवीवर पदर ओढला. एरवी भांडं पडलं तरी दचकणारी पोर टाळमृदंगात शांत पडून होती.

"माउलींनो, ती गप्प बसली नाही!" बुवा म्हणाले. "जग हसेल म्हणून थांबली नाही. तिनं टाहो फोडला, तेव्हा तो सावळा धावला, पिलं जिवंत निघाली!"

मंडप हरिनामात बुडाला. सुलक्षणाच्या ओठांतून नाम फुटेना. आव्यात कोकिळाचं बाळ आहे, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण गप्प आहोत.

सकाळी कोकिळा वाटी भरत होती.

"ताई, मांजरानं काही झालं नव्हतं." सुलक्षणानं एका दमात डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे हे दूध..."

"दुधानं काही होत नाही, ताई. तुमच्या रक्तात ते नसेलही. असलं तरी बाळात येईलच असं नाही. पण तपासायला हवं."

"आणि निघालं तर?"

सुलक्षणानं तिच्या हातातली वाटी घेऊन मांजरापुढं ठेवली.

"मनी आण मोडी तू!" झुंबरबाई चुलीजवळून धावत आली.

कोकिळा आईकडं वळली. "माय, तुले माहीत व्हतं?"

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला.

इतक्यात बारीक म्यांव ऐकू आलं. मांजर तर वाटीत तोंड घालून दूध पीत होतं. रडत होती ती ओवी, घरात.

कोकिळा उठली. झोळीपाशी जाऊन तिनं पोर उचलली. ओवीची मान मागं कलली.

"वहिनी, जळगावला तू येशील माझ्यासंगं?"

"येईन."

"हिला कसं धरायचं गं?"

सुलक्षणानं तिचा तळवा धरला आणि ओवीच्या मानेखाली नेऊन ठेवला.